मरून टीमची अर्धीच गोष्ट सांगू नका : शिकागो युनिव्हर्सिटीतल्या मराठी मंडळींना खुलं पत्र

शिकागो युनिव्हर्सिटीत शिकणाऱ्या मराठी मुलामुलींनो, आणि त्यांना तिथे पाठवणाऱ्या आईबाबांनो,

नमस्कार.

इथल्या गणपतीत, दिवाळीच्या कार्यक्रमात, कुणाच्या घरच्या पॉटलकमध्ये गप्पा मुलांच्या कॉलेजवर आल्या की एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते. शिकागो युनिव्हर्सिटीची म्हणे एकेकाळी खूप मोठी अमेरिकन फुटबॉलची टीम होती, मरून्स नावाची, मग रॉबर्ट हचिन्स नावाचा एक हुशार प्रेसिडेंट आला, तो म्हणाला इथे अभ्यास होणार, खेळ नाही, त्याने टीमच बंद करून टाकली, मग त्याच रिकाम्या स्टेडियमखाली शास्त्रज्ञांनी अणुभट्टी लावली आणि तिथून पुढे नोबेलच नोबेल. सांगणारा अभिमानाने सांगतो आणि शेवटी बाजूला बसलेल्या एखाद्या मुलाला ऐकवलं जातं की बघ, मोठी माणसं अशी होतात, बॉलमागे धावून नाही.

हे पत्र त्या गोष्टीबद्दल आहे. ती अर्धी आहे, आणि त्या अर्ध्यातलं सुद्धा बरंचसं उलटं सांगितलं जातं. मी या शहराच्या जवळ बरीच वर्षं राहतो, कॉलेज फुटबॉल मनापासून बघतो, आणि या टीमचा इतिहास मला इतर कुठल्याही टीमपेक्षा जास्त जवळचा वाटतो. म्हणून राहवत नाही.

सुरुवातीपासून सांगतो. ही टीम कुणा पहिलवानाने उभी केली नाही, एका पंडिताने केली. विल्यम रेनी हार्पर हा या युनिव्हर्सिटीचा पहिला प्रेसिडेंट. माणूस किती अभ्यासू, तर १८ व्या वर्षी येलची पीएचडी, आणि विषय काय, तर लॅटिन, ग्रीक, संस्कृत आणि गॉथिक भाषांतल्या शब्दयोगी अव्ययांची तुलना. हो, संस्कृत. आपल्याकडे आज सुद्धा एवढं करणाऱ्या मुलाला लोक घरी बोलावून पेढे देतील. पुढे तो हिब्रू आणि बायबलचा मोठा प्राध्यापक झाला, आणि रॉकफेलरच्या पैशातून नवी युनिव्हर्सिटी उभी करायची जबाबदारी त्याच्याकडे आली तेव्हा त्याने सगळ्यात आधी ज्यांना गळाला लावलं त्यात त्याचा येलमधला जुना विद्यार्थी होता, आमोस अलोन्झो स्टॅग. २५०० डॉलर पगार, असोसिएट प्रोफेसरचं पद, आणि नोकरी कायमची. कोचला प्राध्यापकाचा दर्जा, हे त्या काळात कुणी ऐकलेलं नव्हतं. हार्परने त्याला काय सांगितलं होतं हे स्टॅगनेच लिहून ठेवलंय, की मला अशी टीम हवी जी देशभर पाठवता येईल आणि सगळ्या कॉलेजांना हरवून येईल, त्यांना प्रवासाला आलिशान रेल्वेचा डबा देऊ. आणि खरंच १८९४ च्या डिसेंबरमध्ये ही टीम रेल्वेने थेट कॅलिफोर्नियाला जाऊन खेळून आली, तेव्हा युनिव्हर्सिटी उघडून जेमतेम दोन वर्षं झाली होती.

१८९२ च्या ऑक्टोबरमध्ये पहिले क्लास भरले आणि त्याच शरद ऋतूत स्टॅगने पोरं गोळा केली. पुरेसे खेळाडूच नव्हते म्हणून पहिल्या सीझनला तो स्वतः मैदानात उतरला. पुढच्या वर्षी, १८९३ ला, म्हणजे आपल्याला जे वर्ष विवेकानंदांच्या भाषणामुळे पाठ आहे त्याच वर्षी, कॅम्पसला लागून असलेल्या मिडवे नावाच्या लांबलचक मोकळ्या जागेवर त्याच जागतिक प्रदर्शनाची जत्रा भरली होती, पहिलं फेरिस व्हील तिथेच फिरत होतं. म्हणून तर या टीमला पुढे ‘मॉन्स्टर्स ऑफ द मिडवे’ नाव पडलं, जे आज सगळे शिकागो बेअर्स या प्रोफेशनल टीमचं समजतात. ते नाव आधी या टीमचं होतं, आपल्या मुलांच्या युनिव्हर्सिटीचं, हे निदान लक्षात ठेवा.

आणि टीम खरोखर तेवढी दांडगी होती. १८९६ ला सात युनिव्हर्सिट्यांनी मिळून जी वेस्टर्न कॉन्फरन्स (म्हणजे आपसात खेळणाऱ्या कॉलेजांचा गट) काढली, जी आज बिग टेन म्हणून अब्जावधी डॉलरचा कारभार करते, त्या सातातली एक शिकागो. कॉन्फरन्सचं विजेतेपद सात वेळा, १८९९, १९०५, १९०७, १९०८, १९१३, १९२२ आणि १९२४. यातलं १९०५ चं काय सांगू. मिशिगनची टीम तेव्हा अशी होती की ५६ मॅच झाल्या, एकदाही हरले नव्हते, पेपरवाले त्यांना मिनिटाला एक पॉइंट करणारी टीम म्हणायचे. थँक्सगिव्हिंगच्या दिवशी ते शिकागोत आले, पंचवीस हजारांच्या वर माणूस मैदानात, आणि दोन्हीकडून एकही टचडाऊन नाही. शेवटी शिकागोच्या वॉल्टर एकरसॉलची एक लांब किक मिशिगनच्या डेनी क्लार्कने स्वतःच्याच गोल लाइनच्या मागे झेलली, तिथेच थांबायचं सोडून तो बॉल घेऊन बाहेर पळाला, शिकागोच्या पोरांनी त्याला धरून परत गोल लाइनच्या मागे ढकललं, याला सेफ्टी म्हणतात, त्याचे दोन पॉइंट. मॅच २-० ने संपली. शिकागो वेडं झालं. आणि त्या क्लार्कवर सगळं खापर फुटलं, कॉलेजमधला पोरगा तो, आणि १९३२ ला त्याने आत्महत्या केली. हा भाग विजयाच्या गोष्टीत कुणी सांगत नाही, मला तो सोडून पुढे जाता येत नाही, कारण त्या मैदानावर पोरांच्या खांद्यावर मोठ्या माणसांनी केवढं ओझं टाकलं होतं ते यात दिसतं.

इथे तुमच्या गोष्टीतला पहिला आणि सगळ्यात मोठा घोळ. खेळ गेला म्हणून नोबेल आले म्हणता ना, मग १९०७ बघा. अल्बर्ट मायकेलसनला, शिकागोच्या फिजिक्स डिपार्टमेंटच्या प्रमुखाला, विज्ञानातलं नोबेल मिळालं, असं नोबेल मिळवणारा तो पहिला अमेरिकन. त्याच १९०७ ला स्टॅगची टीम कॉन्फरन्सची विजेती होती, आणि १९०८ ला परत. मिलिकनचा तेलाच्या थेंबांचा प्रयोग, ज्यावर पुढे नोबेल मिळालं आणि जो आपण सगळे बारावीच्या फिजिक्समध्ये घोकलाय, तो याच काळात याच कॅम्पसवर झाला. कॉम्प्टनला १९२७ ला मिळालं तेव्हाही टीम चालू होती. ज्याच्या नावाची दुर्बीण अवकाशात आहे तो एडविन हबल इथे शिकत होता आणि युनिव्हर्सिटीच्या टीममधून बास्केटबॉल खेळत होता. म्हणजे एकाच कॅम्पसवर प्रयोगशाळा पण होती आणि भरलेलं मैदान पण होतं आणि एकाने दुसऱ्याचं काही ओरबाडलं नव्हतं.

मग सगळं छान होतं का? अजिबात नाही, आणि हे पण तेवढ्याच मोकळेपणाने सांगायला हवं. त्याच १९०५ मध्ये कॉलियर्स मासिकात एडवर्ड जॉर्डन नावाच्या पत्रकाराने लेखमाला लिहिली, मोठ्या युनिव्हर्सिट्या फुटबॉलसाठी पोरं कशी आणतात, अभ्यासात कशी सूट देतात, पैसे कसे फिरतात यावर, आणि त्यात शिकागोचं नाव ठळक होतं. एकरसॉल, शहराचा लाडका हिरो, त्याला डिग्री कधीच मिळाली नाही. युनिव्हर्सिटीने त्याच्याकडून खेळून घेतलं, गर्दी जमवली, तिकिटं विकली, आणि पोरगा कोरा बाहेर पडला. त्या एका सीझनमध्ये देशभरात १८ च्या आसपास मुलं खेळताना मेली असं शिकागो ट्रिब्यूनने मोजलं होतं, प्रेसिडेंट रूझवेल्टला कॉलेजांच्या लोकांना व्हाइट हाऊसमध्ये बोलवावं लागलं, आणि पुढच्या वर्षी नियम बदलून बॉल पुढे फेकायला परवानगी मिळाली म्हणून तर आज आपण टीव्हीवर ते लांब पास बघतो. शिकागोच्या कॉन्फरन्समधल्या प्राध्यापकांनी १९०६ ला सीझनच पाच मॅचवर आणला. म्हणजे खेळाला शिस्त लावायची कल्पना हचिन्सच्या फार आधीची, आणि ती बंद करून नाही तर सुधारून.

स्टॅग चाळीस वर्षं टिकला. १८९२ ते १९३२. १९२२ ची प्रिन्स्टनविरुद्धची मॅच टेलिफोनच्या तारांवरून न्यूयॉर्कपर्यंत रेडिओवर ऐकवली गेली, शिकागो २१-१८ ने हरली. १९२४ ला इलिनॉयच्या रेड ग्रेंजला, तेव्हा देशात त्याला अडवणारं कुणी नव्हतं, २१-२१ वर अडवलं आणि विजेतेपद घेतलं. ते शेवटचं.

त्यानंतर काय झालं ते नीट बघा, कारण तुमची गोष्ट इथून सुरू होते आणि तीच चुकते. इलिनॉय, ओहायो स्टेट, मिशिगन या सरकारी युनिव्हर्सिट्या, हजारोंनी मुलं, त्यांनी विसाच्या दशकात अवाढव्य स्टेडियम बांधली. शिकागोत अंडरग्रॅज्युएट मुलंच कमी. रॉबर्ट हचिन्स १९२९ ला वयाच्या तिसाव्या वर्षी प्रेसिडेंट झाला, त्याने अभ्यासक्रम बदलला, मोठाल्या सर्वंकष परीक्षा आणल्या, खेळाडूंना आडोसा मिळेल असा सोपा विषय ठेवला नाही (हे त्याने योग्यच केलं असं माझं मत आहे). स्टॅगला सत्तर पूर्ण झाल्यावर निवृत्त केलं, तो म्हातारा गप्प बसणाऱ्यातला नव्हता, कॅलिफोर्नियात जाऊन कॉलेज ऑफ द पॅसिफिकला आणखी चौदा सीझन कोच राहिला आणि १०२ वर्षं जगला. त्याच्या जागी क्लार्क शॉनेसी आला, कोच म्हणून अव्वल, इथून स्टॅनफर्डला गेला तर पहिल्याच सीझनला एकही मॅच हरला नाही, पण शिकागोत त्याच्या हातात पुरेशी पोरंच नव्हती.

आणि तरी याच उतरत्या काळात जे बर्वेंगर झाला. आयोवातल्या डब्यूकचा मुलगा. १९३५ ला न्यूयॉर्कच्या डाऊनटाऊन अॅथलेटिक क्लबने पहिल्यांदा ट्रॉफी दिली, जिला पुढच्या वर्षीपासून हाइझमन म्हणतात आणि जी आज कॉलेज फुटबॉलमधला सगळ्यात मोठा मान आहे, ती सगळ्यात पहिली याला. १९३६ ला एनएफएल या प्रोफेशनल लीगचा पहिला ड्राफ्ट, म्हणजे कॉलेजमधले खेळाडू निवडायचा कार्यक्रम, झाला, त्यात पहिल्या नंबरवर निवडलेला पहिला खेळाडू हाच. आणि तो एकही प्रोफेशनल मॅच खेळला नाही, पैशाचं जमलं नाही, शिकागोतच नोकरीधंदा केला आणि चांगला केला. १९३४ ला मिशिगनच्या एका खेळाडूने त्याला अडवताना गालावर जखम करून घेतली, तो व्रण त्याला जन्मभर राहिला, त्याचं नाव जेराल्ड फोर्ड, पुढे अमेरिकेचा प्रेसिडेंट. ती ट्रॉफी बरीच वर्षं बर्वेंगरच्या मावशीकडे दाराला अडसर म्हणून पडून होती, आता ती युनिव्हर्सिटीच्या जिममध्ये, रॅटनर सेंटरला आहे, तुम्ही रोज ट्रेडमिलवर जाता ना, तिथेच. थांबून बघा एकदा.

१९३९ चा शेवटचा सीझन वाचताना मला अजून त्रास होतो. हार्वर्डकडून ६१-०. ओहायो स्टेटकडून ६१-०. व्हर्जिनियाकडून ४७-०. इलिनॉयकडून ४६-०. आणि मिशिगनकडून ८५-०, मिशिगनचा कोच कोण, तर फ्रिट्झ क्रिस्लर, स्टॅगच्याच हाताखाली शिकागोकडून खेळलेला. दोन मॅच जिंकल्या, वॉबॅश आणि ओबर्लिनविरुद्ध, म्हणजे साधारण आपल्या आकाराच्या कॉलेजांविरुद्ध. यातच उत्तर होतं. आपल्या जोडीच्या कॉलेजांशी खेळायचं, गर्दीचा आणि गल्ल्याचा नाद सोडायचा. हचिन्सने स्वतः एक वर्ष आधी, १९३८ च्या डिसेंबरमध्ये, सॅटर्डे इव्हनिंग पोस्टमध्ये लिहिलेला लेख जर तुम्ही वाचला तर त्याचा राग खेळावर नाहीच, तो तिकिटाच्या पैशावर आहे, त्याने तर तिकीट दहा सेंट करा असं सुचवलं होतं. पण प्रत्यक्षात २१ डिसेंबर १९३९ ला ट्रस्टींनी टीमच बंद केल्याचं जाहीर केलं. जे खेळत होते त्यांनी काय पाप केलं होतं? ती मुलं त्याच अवघड परीक्षा देऊन, कुठलीही सूट न घेता, दर शनिवारी मार खात होती. माझ्या मते त्या टीममध्ये १९०५ पेक्षा जास्त खरे विद्यार्थी होते. आणि नेमकी तीच बंद झाली.

राहिली अणुभट्टी. २ डिसेंबर १९४२, एन्रिको फर्मी, स्टॅग फील्ड या टीमच्या जुन्या स्टेडियमच्या पश्चिमेच्या स्टँडखालचं स्क्वॉशसारखं कोर्ट, जगातली पहिली मानवनिर्मित साखळी प्रक्रिया, हे सगळं खरं. पण ती भट्टी तिथे लागली याचं कारण फुटबॉल गेलं हे नाही. ती शहराबाहेर आर्गोनच्या जंगलात बांधायची ठरली होती, तिथे बांधकाम कामगारांचं भांडण सुरू झालं, इमारत वेळेत होईना, म्हणून कॅम्पसवरच जागा शोधली. खेळ आणि विज्ञान यांच्या लढाईत विज्ञान जिंकलं असा अर्थ त्यातून काढायला काहीच आधार नाही.

पुढचं तर आपल्या गोष्टीत येतच नाही. १९४६ ला शिकागो बिग टेनमधून बाहेर पडली. १९५६ ला वॉल्टर हास अॅथलेटिक डायरेक्टर म्हणून आला, त्याने आधी नुसता फुटबॉलचा क्लास सुरू केला. १९६३ ला दुसऱ्या कॉलेजशी मॅच ठरली तर विद्यार्थीच मैदानात जाऊन ठाण मांडून बसले, की आम्हाला फुटबॉल नको, परत तेच सगळं सुरू होईल. मला त्या मुलांचाही आदर वाटतो, त्यांची भीती खोटी नव्हती. पण ज्यांना खेळायचं होतं तेही विद्यार्थीच होते, ते थांबले नाहीत, क्लब म्हणून खेळत राहिले, आणि १९६९ ला परत युनिव्हर्सिटीची रीतसर टीम झाली. तीस वर्षांनी. यावेळी स्कॉलरशिप नाही, मोठं स्टेडियम नाही, टीव्ही नाही. आज ती डिव्हिजन थ्रीमध्ये आहे, जिथे खेळासाठी स्कॉलरशिप देताच येत नाही, २०१७ पासून मिडवेस्ट कॉन्फरन्समध्ये खेळते, आणि मैदानाला नाव तेच, स्टॅग फील्ड, फक्त जागा बदलली, छप्पन्नाव्या रस्त्याला आणि कॉटेज ग्रोव्हला.

म्हणजे बघा, जे बंद पडलं त्यातलं वाईट होतं ते परत आलंच नाही, आणि जे चांगलं होतं ते विद्यार्थ्यांनी स्वतः परत आणलं. या युनिव्हर्सिटीच्या इतिहासात अभिमान बाळगायचा तर मला तो १९३९ पेक्षा १९६९ चा वाटतो. तिकडे बिग टेनमध्ये आता १८ टीम आहेत, एक टोक न्यू जर्सीला आणि दुसरं लॉस एंजेलिसला, पोरं मंगळवारच्या क्लासला येतात की विमानात असतात कोण जाणे, २०२५ पासून तर कॉलेजं खेळाडूंना सरळ पैसे देतात. हचिन्सला ज्याची चीड होती ते सगळं तिथे मोठं होऊन बसलंय. आणि टीम बंद करताना जो तोडगा निवडला नाही, गर्दी आणि गल्ल्याशिवाय खेळायचा, तो त्याच्याच युनिव्हर्सिटीत पन्नास वर्षांहून जास्त चाललाय, शांतपणे, आणि आपल्याच लोकांना माहीत नाही.

आईबाबांनो, तुमच्याशी थोडं वेगळं बोलायचंय. मुलाने हा खेळ खेळावा असं मी सांगत नाही. डोक्याला मार बसण्याची भीती खरी आहे, वारंवार बसलेल्या धक्क्यांचे मेंदूवर काय परिणाम होतात हे आता डॉक्टर स्पष्ट सांगतात, आणि त्या कारणासाठी कुणी नको म्हणालं तर मी त्यांच्या बाजूने आहे. पण खेळणारी मुलं डोक्याने कमी असतात, खेळ म्हणजे अभ्यासातून पळवाट, हे सांगायला शिकागोचं उदाहरण देऊ नका, कारण ते उदाहरण तुमच्या विरुद्ध जातं. हीच माणसं आपल्याकडे दहावीला खेळाचे वाढीव मार्क मिळतात म्हणून मुलाला कॅम्पला पाठवतात आणि मार्क मिळाले की बॅट माळ्यावर टाकतात, म्हणजे खेळ आपल्याला चालतो, फक्त त्यातून काहीतरी मिळायला हवं. डिव्हिजन थ्रीमधल्या पोराला काहीच मिळत नाही, ना पैसा ना प्रसिद्धी, सकाळी प्रॅक्टिस, दुपारी ऑरगॅनिक केमिस्ट्रीची लॅब, रात्री प्रॉब्लेम सेट, आणि शनिवारी मॅच. त्याच्याकडे बघून नाक मुरडण्यासारखं काय आहे ते मला कुणीतरी सांगा.

आणि मुलांनो, तुम्ही ज्या रेगेन्स्टाइन लायब्ररीत रात्ररात्र बसता ना, ती जुन्या स्टॅग फील्डच्या जागेवर उभी आहे. जुने स्टँड १९५७ ला पाडले, लायब्ररी १९७० ला उघडली. तिथेच दक्षिण आशियाच्या पुस्तकांचा मोठा संग्रह आहे आणि त्यात मराठी पुस्तकं आहेत, चांगली भरपूर, महाराष्ट्रावर आयुष्यभर संशोधन केलेल्या मॉरीन पॅटरसन यांनी तो संग्रह वाढवायला खूप कष्ट घेतले. तुमच्यापैकी किती जण त्या शेल्फपर्यंत गेलेत ते विचारत नाही, पण जाल तेव्हा एवढं माहीत असू द्या की तिथे आधी काय होतं, आणि बाहेर पडून एलिस अॅव्हेन्यूवर अणुभट्टीच्या जागी असलेलं हेन्री मूरचं ते ब्राँझचं शिल्प बघाल तेव्हा तिथे फक्त फर्मीचा नाही तर एकरसॉलचा आणि बर्वेंगरचा पण वावर होता.

मागणी अगदी साधी आहे. सप्टेंबर ते नोव्हेंबर शनिवारी घरच्या मॅच असतात, टीमच्या वेबसाइटवर तारखा मिळतील. तुमच्या मराठी विद्यार्थ्यांचा ग्रुप गरबा आणि दिवाळीसाठी एवढी धावपळ करतो, त्याने सीझनमधली एक मॅच ठरवून सगळ्यांना घेऊन जावं. नियम कळत नसतील तर शेजारच्याला विचारा, या टीमच्या मॅचला बसलेले लोक आनंदाने सांगतात, बऱ्याचदा ते मैदानातल्या पोरांचे आईबाबाच असतात. सोमवारी क्लासमध्ये तुमच्या बाजूला बसणारा मुलगा शनिवारी मैदानात होता हे कळलं तर त्याला दोन शब्द बोला. आणि पुढच्या दिवाळीला कुणी ती हचिन्सची गोष्ट सुरू केली तर मध्येच थांबवा, म्हणा काका, १९३९ झालं, आता १९०७ पण सांगा आणि १९६९ पण सांगा, नाहीतर मी सांगतो.

गाडीची अडचण असेल तर ग्रुपवर लिहा, मी उपनगरातून येतोच, चार जण आरामात बसतील.

तुमचा,
शिकागोजवळ राहणारा एक मराठी फुटबॉलप्रेमी